उरलेल्या उन्हाचे ऊन पाणी
(हीरक महोत्सवी वर्षातील व्याख्यानाचा मजकूर)



जुन्या मराठी घरातील चुलीला एक वैल असे. चुलीवर भाकरी भाजली जाई, आमटी रटरटे. आणि त्याच जाळाची जी धग बाजूच्या वाटेने निघे, तिच्यावर दूध किंवा पाणी ऊन राही. वैलासाठी कुणी वेगळे लाकूड जाळीत नसे. अंगणातल्या तांब्याच्या बंबाचीही तीच रीत होती. त्याच्या पोटात जाई ती बंबफोड, करवंट्या, झावळ्यांचे तुकडे; म्हणजे चुलीच्या कामातून उरलेले जळण. तान्ह्या मुलाच्या अंघोळीचे पाणी तर घंगाळात भरून अंगणातल्या उन्हात ठेवले जाई. अंघोळीच्या पाण्यासाठी उत्तम प्रतीचे इंधन खर्च करणे हे त्या गृहिणींच्या हिशेबात बसत नव्हते. पाणी तापावे ते उरलेल्यावर, हा त्यांचा नियम होता.

आज चूल गेली, बंब माळ्यावर किंवा मोडीत गेला आणि अनेक घरांच्या गच्चीवर सौर पॅनेल आले. या पॅनेलांतून दुपारी जी वीज निघते, ती पुष्कळदा घराच्या त्या वेळच्या गरजेपेक्षा अधिक असते. या शिल्लक विजेला वैल जोडता येईल काय, म्हणजे तिच्यावर अंघोळीचे पाणी तापवता येईल काय, आणि तापवले तर त्यात खरोखर लाभ किती, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

उदाहरणासाठी गाव निवडले आहे लखनऊ. त्याला कारण आहे. पुणे, नाशिक, सोलापूर येथील हिवाळा थंड असला तरी दुपारचे आकाश बहुधा निरभ्र असते. लखनऊचा हिवाळा तसा नाही. डिसेंबरच्या उत्तरार्धापासून जानेवारी संपेपर्यंत गोमतीच्या खोऱ्यावर धुके उतरते. किमान तापमान 7-8 अंश सेल्सिअसपर्यंत आणि कधी त्याहूनही खाली जाते. काही दिवस तर सूर्यदर्शन दुपारी होते किंवा होतच नाही. म्हणजे गरम पाण्याची गरज सर्वाधिक आणि ऊन सर्वात कमी, अशी ती गाठ आहे. कोणत्याही कल्पनेची परीक्षा अनुकूल ठिकाणी घेण्यापेक्षा कठीण ठिकाणी घ्यावी. लखनऊत जे साधते ते महाराष्ट्रात अधिक सहज साधेल.

लखनऊशी मराठी माणसाचे नातेही जुने आहे. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नांतून 1926 साली तेथे मॅरिस संगीत महाविद्यालय सुरू झाले. पुढे श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी दीर्घकाळ त्याचे प्राचार्यपद सांभाळले, आणि आज ती संस्था भातखंडे यांच्याच नावाने विद्यापीठ म्हणून उभी आहे. रागांचे समयचक्र भातखंडे यांनी शास्त्रशुद्ध रीतीने मांडले: कोणता राग कोणत्या प्रहरी गावा, याचा विचार. विजेच्या बाबतीतही आता प्रहराचा विचार अपरिहार्य झाला आहे. किती वीज, एवढाच प्रश्न उरलेला नाही. कोणत्या वेळची वीज, हा प्रश्न त्याच्या जोडीने उभा आहे.

उत्तर प्रदेशाने 2022 साली सौर ऊर्जा धोरण जाहीर करून 22,000 मेगावॉटचे उद्दिष्ट ठेवले. फेब्रुवारी 2024 मध्ये केंद्र शासनाची ‘पीएम सूर्य घर’ योजना आली. तिच्यात एक कोटी घरांच्या छपरांवर सौर संच बसवण्याचा संकल्प आहे. या योजनेत 1 किलोवॉटच्या संचाला 30,000 रुपये, 2 किलोवॉटला 60,000 रुपये आणि 3 किलोवॉट किंवा अधिकला 78,000 रुपये अनुदान मिळते. उत्तर प्रदेश शासन त्यात किलोवॉटमागे 15,000, जास्तीत जास्त 30,000 रुपयांची भर घालते. परिणामी अलीगंज, इंदिरानगर, गोमतीनगर अशा वस्त्यांमधून मध्यमवर्गीय घरांच्या गच्च्यांवर निळी-काळी पॅनेले दिसू लागली. मध्यांचल विद्युत वितरण निगमाच्या जाळ्याला ही घरे आता केवळ वीज मागत नाहीत, दुपारी देतातही.

एका साध्या घराचे उदाहरण घ्यावे. समजा, गोमतीनगरातील चार माणसांच्या घरावर 3 किलोवॉटचा संच आहे. 1 किलोवॉट पॅनेलातून वर्षाच्या सरासरीने दिवसाला सुमारे 4 युनिट वीज मिळते असा ढोबळ हिशेब आहे. म्हणजे हा संच दिवसाला 12 युनिटांच्या आसपास देईल. त्यांपैकी बहुतेक वीज सकाळी 9 ते दुपारी 4 या वेळात निघते. त्या वेळी मुले शाळेत, मोठी माणसे कामावर. घरात फ्रीज, एखादा पंखा, पाण्याचा पंप. दिवसाउजेडी घर 3-4 युनिटे वापरील; उरलेली जाळ्यात जातील. आणि पहाटे सहा वाजता, छपरावर अंधार असताना, तेच घर गिझर लावून जाळ्यातून वीज घेईल. शिल्लक दुपारची आणि गरज पहाटेची. या दोन टोकांना जोडणारे काहीतरी हवे.

ते काहीतरी बहुतेक घरांत आधीच भिंतीवर टांगलेले असते. साठवणीचा गिझर म्हणजे उष्णतेची कोठीच. बॅटरीत वीज साठवता येते, पण बॅटरी महाग असते आणि तिचे आयुष्य मोजके असते. पाणी मात्र उष्णता साठवण्यात कोणत्याही परिचित द्रवाच्या पुढे आहे. शाळेत शिकलेला नियम येथे कामाला येतो. 1 लिटर पाणी 1 अंशाने तापवण्यास 1 किलोकॅलरी उष्णता लागते, आणि विजेचे 1 युनिट म्हणजे सुमारे 860 किलोकॅलरी. लखनऊच्या जानेवारीत नळाचे पाणी 15 अंशांचे धरले आणि अंघोळीला 40 अंशांचे हवे असले, तर 20 लिटरच्या एका बादलीला 500 किलोकॅलरी, म्हणजे जवळजवळ 0.6 युनिट लागते. चार माणसांच्या चार बादल्यांना सुमारे 2.3 युनिट.

आता तीच उष्णता आदल्या दुपारी साठवायची आहे. 50 लिटरच्या गिझरमधील पाणी 15 अंशांवरून 60 अंशांवर नेण्यास सुमारे 2.6 युनिट लागतील. ते पाणी गार पाण्यात मिसळून 40 अंशांवर आणले, तर 90 लिटर होते. चार बादल्या भरून वर थोडे उरते. पण रात्रभरात टाकी निवते. समजा, पहाटेपर्यंत तिचे तापमान 50 अंशांवर आले, तर मिसळून 70 लिटरच मिळेल, साडेतीन बादल्या. म्हणून या योजनेचा पहिला आधार आहे टाकीचे उष्णतारोधक आवरण. साठवणीच्या गिझरवर जे तारे छापलेले असतात, ते प्रामुख्याने हेच सांगतात: पाणी न वापरता नुसते भरून ठेवले, तर चोवीस तासांत किती उष्णता वाया जाते. जो गिझर पहाटे लावून अर्ध्या तासात रिकामा करायचा, त्याच्यात या ताऱ्यांचे महत्त्व मर्यादित. ज्यात दुपारचे पाणी पहाटेपर्यंत ठेवायचे, त्यात ते निर्णायक. जमत असेल तेथे दोघांनी रात्री झोपण्यापूर्वी आणि दोघांनी सकाळी अंघोळ केली, तर हे नुकसान आणखी कमी होते.

धुक्याचे काय? येथे लखनऊची परीक्षा सुरू होते. स्वच्छ उन्हाच्या जानेवारीतील दिवशी वरील संच चांगली वीज देतो, आणि घरचा दुपारचा खर्च जाऊन पाणी तापवण्याइतकी वीज सहज उरते. दाट धुक्याच्या दिवशी मात्र उत्पादन निम्म्याहूनही खाली येऊ शकते आणि शिल्लक नावापुरती राहते. त्या दिवशी पाणी जाळ्यातील विजेवरच तापवावे लागेल. ते मान्य केले पाहिजे. उलट नोव्हेंबर, फेब्रुवारी आणि मार्चचा प्रारंभ हे दिवस फार सोयीचे. ऊन स्वच्छ, हवा थंड आणि वातानुकूलन यंत्रे अजून बंद. पॅनेल तापले की त्याची कार्यक्षमता दर अंशाला सुमारे 0.4 टक्क्याने घटते; त्यामुळे मे महिन्याच्या होरपळीपेक्षा फेब्रुवारीचे ऊन पॅनेलाला अधिक मानवते. उन्हाळ्यात शिल्लक वीज वातानुकूलन खाऊन टाकते आणि गरम पाणी कुणाला नकोच असते. म्हणजे हा उपाय बारमाही नाही. पण हिवाळ्याचा बराच भाग त्याच्या आवाक्यात येतो.

शिल्लक वीज गिझरकडे वळवण्याची रीत कोणती? पाश्चात्त्य देशांत यासाठी एक उपकरण प्रचारात आले. मुख्य तारेभोवती एक कडे बसवलेले असते. घरातून बाहेर जाणारी वीज किती, हे ते क्षणोक्षणी मोजते आणि नेमकी तेवढीच वीज पाणी तापवणाऱ्या कॉइलला देते. ढग आला की कमी, ऊन पडले की अधिक. कॉइलला अशी अर्धीमुर्धी वीज चालते. तारेतून वीज वाहिली की तार तापते, हा जेम्स जूल यांनी एकोणिसाव्या शतकात मांडलेला नियम. त्यात विजेचे खंड पडले तरी काही बिघडत नाही. मोटारीला जे सोसत नाही ते कॉइलला सोसते.

ब्रिटनमध्ये अशा उपकरणांचा प्रसार होण्यास तेथील नियमही कारण झाला. 2010 साली सुरू झालेल्या योजनेत लहान घरांनी निम्मी वीज जाळ्यात दिली असे गृहीत धरून पैसे दिले जात. प्रत्यक्ष मोजमाप होत नसे. त्यामुळे घरातच वापरलेले प्रत्येक युनिट हा निव्वळ लाभ ठरे. ऑस्ट्रेलियातील कथा आणखी बोधप्रद आहे. तेथे कित्येक दशके घरोघरच्या पाण्याच्या टाक्या मध्यरात्री तापवल्या जात, कारण कोळशाची केंद्रे रात्री पूर्ण थंड करता येत नसत आणि त्या विजेला गिऱ्हाईक हवे असे. छपरांवर पॅनेले वाढल्यावर शिल्लक वीज मध्यरात्रीऐवजी मध्यान्ही दिसू लागली, आणि त्याच टाक्यांची वेळ रात्रीवरून दुपारवर आणण्यास सुरुवात झाली.

भारतातील स्थिती वेगळी आहे आणि येथे हिशेब प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. केंद्राच्या 2021 च्या नियमांनुसार 500 किलोवॉट किंवा मंजूर भार, यांपैकी जे कमी असेल तेथपर्यंत नेट मीटरची सोय आहे. नेट मीटर म्हणजे विजेचे खातेपुस्तक: दुपारी जमा केलेले युनिट पहाटे परत घेता येते. जोवर जमेचे युनिट आणि खर्चाचे युनिट एकाच मोलाचे आहे, तोवर घरमालकाच्या बिलात पहाटे गिझर लावण्याने वा दुपारी लावण्याने फारसा फरक पडत नाही. उलट, टाकीतून रात्रभर निवणाऱ्या पाण्याचे थोडे नुकसानच पदरी पडते. अशा घराने महागडे उपकरण घेतले, तर त्याची किंमत बिलातून वसूल होईल या भ्रमात राहू नये. हे स्पष्ट सांगणे आवश्यक आहे, कारण विक्रेता ते सांगेलच असे नाही.

मग लाभ कुठे? तीन ठिकाणी. पहिले, जेथे नेट मीटर अद्याप लागलेला नाही किंवा जेथे इन्व्हर्टर बाहेर वीज न पाठवण्यासाठी बांधलेला आहे. तेथे शिल्लक वीज पॅनेलातच अडून राहते. पाणी तापवले तर ती अक्षरशः फुकट मिळाली. दुसरे, जेथे बाहेर दिलेल्या युनिटला विकत घेतलेल्या युनिटपेक्षा कमी मोल मिळते. आणि तिसरे, जेथे वेळेनुसार दर बदलतो. केंद्राने जून 2023 मध्ये नियम दुरुस्त करून, स्मार्ट मीटर असलेल्या ग्राहकांसाठी दिवसाच्या सौर तासांत वीज 10 ते 20 टक्के स्वस्त आणि मागणीच्या ऐन तासांत तितकीच महाग ठेवण्याचे तत्त्व स्वीकारले. महाराष्ट्रात स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना जुलै 2025 पासून सकाळी 9 ते सायंकाळी 5 या वेळेतील वापरावर सवलत सुरू झाली. ही दिशा पाहता दुपारचे युनिट आणि पहाटेचे युनिट यांचे मोल फार काळ सारखे राहील असे दिसत नाही.

बिलापलीकडचाही एक लाभ आहे. जानेवारी 2025 मध्ये देशाची सौर क्षमता 100 गिगावॉटच्या पुढे गेली. दुपारी ही वीज भरभरून येते. पहाटे आणि सायंकाळी ती नसते, तेव्हा भार प्रामुख्याने कोळशाच्या केंद्रांवर पडतो. देशातील विजेच्या एका युनिटमागे सरासरीने सुमारे 0.7 किलो कर्बवायू हवेत जातो. एखाद्या गल्लीत अनेक छपरे एकाच वेळी वीज बाहेर लोटू लागली की तेथील दाब वाढतो आणि काही इन्व्हर्टर स्वसंरक्षणासाठी बंद पडतात. तीच वीज घरात वापरली तर हा प्रश्न सौम्य होतो. एका घराच्या गिझरने काही होत नाही. पण एकाच पहाटे हजारो गिझर लागतात, आणि त्यांतले काही आदल्या दुपारी आपले काम उरकून बसलेले असले, तर जाळ्यावरचा ताण निश्चित कमी होतो.

यासाठी नेट मीटर असलेल्या घराला महागडे उपकरण नको. साधा टायमर पुरतो. सकाळी 11 ते दुपारी 2 या वेळात गिझर लागावा, एवढीच योजना. 2 किलोवॉटऐवजी 1 किलोवॉटची कॉइल असल्यास तो दुपारच्या शिल्लक विजेत अधिक नीट बसतो. तापायला वेळ लागेल, पण दुपारी घाई कुणाला आहे? ज्यांच्या छपरावर अद्याप काहीच नाही आणि ज्यांना केवळ गरम पाणी हवे आहे, त्यांनी मात्र वीज बनवून पाणी तापवण्याचा द्राविडी प्राणायाम करू नये. पाणी थेट उन्हावर तापवणारा सौर बंब तेवढ्याच जागेत पॅनेलाच्या दुपटी-तिपटीने उष्णता गोळा करतो. शिल्लक विजेचा वैल ज्यांची चूल आधीच पेटलेली आहे त्यांच्यासाठी आहे.

आता सर्वात महत्त्वाचे. ते पैशांचे नाही. उत्तर भारतातील हिवाळ्यात दरवर्षी बंद न्हाणीघरातील गॅस गिझरने माणसे दगावल्याच्या बातम्या येतात. थंडी आत येऊ नये म्हणून खिडकी लावलेली असते, गॅस जळताना प्राणवायू अपुरा पडतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणसाला गुंगी येते आणि तो दार उघडण्याआधीच कोसळतो. बादलीत सोडलेल्या रॉडचा धोका वेगळा, पण तितकाच खरा: रॉड चालू असताना पाणी किती तापले हे बोटाने पाहणे जिवावर बेतते. दुपारी तापून बसलेल्या टाकीचे पाणी ज्या घरात पहाटे नळातून येते, तेथे या दोन्ही सवयींची गरज उरत नाही. घरातल्या आजीला किंवा परीक्षेच्या घाईत असलेल्या मुलाला धुक्याच्या पहाटे निर्धोक ऊन पाणी मिळणे, हे या साऱ्या गणिताचे खरे फळ आहे.

त्यासाठी काही पथ्ये पाळली पाहिजेत. टाकीतील पाणी 60 अंशांपर्यंत नेणे इष्ट, कारण कोमट पाण्यात रोगजंतू वाढू शकतात. पण 60 अंशांचे पाणी काही सेकंदांत कातडी भाजते, म्हणून बादलीत आधी गार पाणी घ्यावे, मग गरम. गिझरला अर्थिंग आणि गळती ओळखून वीज तोडणारा स्विच अवश्य असावा. दाब मोकळा करणारी झडप कधीही बुजवू नये. बोअरचे क्षारयुक्त पाणी असेल तर कॉइलवर बसलेले पांढरे कीटण वरचेवर काढून घ्यावे. आणि पॅनेलाची तार थेट गिझरला जोडण्याचा प्रयोग कुणी करू नये. पॅनेलातून येणारी वीज एकदिश असते; गिझरचे तापमान-नियंत्रक तिच्यासाठी बनवलेले नसतात आणि त्यांच्यात ठिणगी पेटत राहून आग लागू शकते. आणखी एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते: जाळ्याला जोडलेला साधा इन्व्हर्टर वीजपुरवठा खंडित होताच स्वतःही बंद होतो, दुरुस्ती करणाऱ्या कामगाराच्या जिवासाठी. म्हणून पुरवठा गेल्यावर ऊन असूनही गिझर तापणार नाही.

या शाळेच्या साठ वर्षांत किती विद्यार्थ्यांनी प्रयोगशाळेत कॅलरीमापी हाताळला असेल आणि जूलचा नियम वहीत उतरवून घेतला असेल! परीक्षेनंतर ती वही मिटली जाते. ती पुन्हा उघडण्यास हा विषय उत्तम निमित्त आहे. ज्यांच्या घरी पॅनेल आहे, त्या घरांतील मुलांनी एक आठवडा मीटरचा आकडा सूर्योदयाला, दुपारी 12 वाजता आणि सूर्यास्ताला टिपावा. किती वीज आली, किती गेली, कधी उरली, हे पालकांसमवेत मांडावे. पालकांनी त्यानंतरच टायमर घ्यायचा की नाही ते ठरवावे. आठवड्याच्या सात ओळी विक्रेत्याच्या माहितीपत्रकापेक्षा अधिक खरे सांगतील. माजी विद्यार्थ्यांपैकी जे अभियंते आहेत, त्यांनी त्या मुलांच्या वह्या तपासून द्याव्यात. शाळेच्या ऋणाची ती लहानशी फेड होईल.

वैलावर काय ठेवायचे आणि केव्हा ठेवायचे, हे जुन्या गृहिणीला कुणी शिकवावे लागले नाही. तिने आपल्या चुलीचा जाळ रोज पाहिला होता. छपरावरच्या या नव्या चुलीकडेही तसेच रोज पाहावे, एवढीच विनंती.